बुधवारची दुपार कोणाची?

"हल्लींचीं मुलें कशांतच भाग घेत नाहींत" हें गाऱ्हाणें आमच्या वाचकांनीं इतक्या वेळां ऐकलें असेल कीं, त्याचा खरेखोटेपणा तपासून पाहण्याची गरजही आतां कोणास वाटत नाहीं. खेळ नको, नाटक नको, वादसभा नको, लोकोपयोगी काम नको. सोळा-सतरा वर्षांचा मुलगा हातांतील मोबाईलावरून मान वर करील तर शपथ, असा वडील मंडळींचा शेरा ठरलेला आहे. हा शेरा केवळ आपल्याच देशांत ऐकूं येतो असें मात्र नाहीं. ज्या इंग्लंडास आपण मैदानी खेळांचें माहेरघर समजतों, तेथेंही ह्या वयाच्या विद्यार्थ्यांविषयीं हीच तक्रार कानांवर येते. आमचें म्हणणें असें कीं, तरुणांच्या आळसावर ठपका ठेवण्यापूर्वीं तीन वस्तूंची झडती घेतली पाहिजे : त्यांचें घड्याळ, त्यांचा खिसा आणि त्यांची बस. ही झडती इंग्लंडांत घेणें सोयीचें आहे. कारण तेथें शिक्षणाचा तास न् तास कायद्यांत आणि जमाखर्चाच्या वहींत नोंदलेला सांपडतो, आणि वही कशी वाचावी हें आमच्या व्यापारी वाचकांस शिकविण्याचें कारण नाहीं.

प्रथम ह्या संस्थांची ओळख करून दिली पाहिजे. इंग्लंडांत मुलांस सोळावें वर्ष लागलें म्हणजे त्यांची शालान्त परीक्षा होते, आणि त्यापुढें वाटा फुटतात. कांहीं मुलें आपल्याच शाळेच्या वरच्या वर्गांत राहतात. ह्या वर्गांस जुन्या वहिवाटीनें 'सिक्स्थ फॉर्म' असें म्हणतात. कांहीं 'सिक्स्थ फॉर्म कॉलेज' नांवाच्या स्वतंत्र संस्थेंत जातात. तेथें मुख्य भर विश्वविद्यालयाकडे नेणाऱ्या 'ए लेव्हल' परीक्षांवर असतो. आणि फार मोठा वर्ग 'फर्दर एज्युकेशन कॉलेजां'त जातो. ह्या शेवटच्या कॉलेजांत गवंडीकाम, सुतारकाम, विजेचीं कामें, मोटारदुरुस्ती, केशरचना, पाकशास्त्र, बालसंगोपन, रुग्णशुश्रूषा, हिशेबनिशी असे नाना धंदे शिकवितात. शेजारच्या वर्गांत परदेशांतून आलेलीं प्रौढ माणसें इंग्रजी भाषा शिकत असतात. ईटन आणि ऑक्सफर्ड ह्यांच्यावर रकानेच्या रकाने लिहिणाऱ्या विलायती वर्तमानपत्रांस ह्या कॉलेजांची आठवण क्वचित होते. वस्तुतः गरीब घरचीं मुलें शाळांच्या सिक्स्थ फॉर्मांपेक्षां ह्याच कॉलेजांत अधिक प्रमाणांत भरलेलीं आहेत. २००८ सालच्या एका कायद्यानें तेथील सरकारनें असें ठरविलें कीं, २०१३ पासून सतरा आणि २०१५ पासून अठरा वर्षें वयापर्यंत प्रत्येकानें कोणत्या ना कोणत्या शिक्षणांत किंवा उमेदवारींत राहिलेंच पाहिजे. ह्या कायद्याच्या भाषेंत त्यास 'सहभागाचें वय' म्हणतात. शब्द मोठा गोड आहे. परंतु पटावर नांव असणें म्हणजे सहभाग, कीं त्या संस्थेच्या जीवनांत खरोखर वांटा असणें म्हणजे सहभाग, हा प्रश्न कायद्यानें सोडविलेला नाहीं. आमचा आजचा विषय तोच आहे.

कित्येकांची अशी समजूत असते कीं, धंदेशिक्षणाच्या कॉलेजांत खेळ आणि कला ह्यांचें काय काम? हात चालला म्हणजे झालें. परंतु इतिहास नेमका ह्याच्या उलट साक्ष देतो. १८५४ सालीं फ्रेडरिक डेनिसन मॉरिस नांवाच्या धर्मोपदेशकानें व त्याच्या मित्रांनीं लंडनांत 'वर्किंग मेन्स कॉलेज' स्थापिलें. तेथें येणारे लोक दिवसभर कारखान्यांत व दुकानांत राबून संध्याकाळीं शिकावयास येत. त्यांस काय शिकविलें? गणित आणि भाषा तर शिकविलीच. परंतु चित्रकला शिकविण्यास खुद्द जॉन रस्किन येत असे, आणि मुष्टियुद्धाचे धडे देण्यास टॉमस ह्यूज, म्हणजे पुढें 'टॉम ब्राऊन' ह्या शाळकरी नायकाची गोष्ट लिहून प्रसिद्धीस आलेला गृहस्थ, अंगरखा काढून उभा राही. कामकऱ्यास चित्र कशाला आणि ठोसे कशाला, असें विचारणारे तेव्हांही होतेच. मॉरिस व त्याची मंडळी ह्यांनीं त्यांस भीक घातली नाहीं.

ह्याहून अधिक बोधप्रद उदाहरण क्विन्टिन हॉग ह्याचें आहे. हा मनुष्य व्यापारी होता, आणि म्हणून आमच्या वाचकांनीं त्याची ओळख करून घ्यावी अशी आमची इच्छा आहे. ईटनच्या शाळेंत शिकलेला, फुटबॉलमध्यें नांव मिळविलेला, आणि साखरेच्या व्यापारांत पैसा केलेला. (ही साखर डेमेरारा प्रांतांतील मळ्यांची, आणि त्या मळ्यांत त्या काळीं आमच्याच हिंदुस्थानांतून करारानें नेलेले मजूर राबत होते, हें विसरून त्याच्या औदार्याचे गोडवे गाणें आम्हांस जमणार नाहीं.) लंडनच्या रस्त्यावरील पोरक्या मुलांसाठीं त्यानें प्रथम एक साधी शाळा काढली. पुढें १८८२ मध्यें रीजंट स्ट्रीटवरील 'पॉलिटेक्निक'ची बंद पडलेली इमारत घेऊन तेथें कारागीर व कारकून तरुणांसाठीं त्यानें मोठी संस्था उभी केली. तींत संध्याकाळचे धंद्याचे वर्ग होते. आणि त्याच छपराखालीं व्यायामशाळा होती, पोहण्याचा हौद होता, वादसभा होती, फुटबॉल, क्रिकेट, सायकल ह्यांचीं मंडळें होतीं. संस्थेच्या धांवपटूंचें मंडळ, 'पॉलिटेक्निक हॅरियर्स', इतकें नांवारूपास आलें कीं, १९०८ सालच्या लंडन ऑलिंपिकमधील मॅरेथॉन शर्यतीची व्यवस्था त्याच्याकडे सोंपविण्यांत आली. आज जगभर २६ मैल ३८५ यार्ड हें जें मॅरेथॉनचें अंतर धांवतात, तें त्या शर्यतीचेंच होय. संध्याकाळच्या वर्गांस येणाऱ्या कारकुनांच्या व कारागिरांच्या मंडळानें ती घडवून आणिली! हॉगला एक गोष्ट पक्की कळली होती. दहा तास काम करून आलेला तरुण केवळ फळ्याकडे पाहण्यासाठीं जिना चढणार नाहीं. त्यास जिन्यावर मित्र भेटले पाहिजेत.

पुढें १९४४ सालीं बटलर ह्यांचा प्रसिद्ध शिक्षणकायदा झाला, तेव्हां हीच दृष्टि कायद्यांत उतरली. त्या कायद्याच्या ४१ व्या कलमांत 'पुढील शिक्षण' ह्या शब्दाचे दोन अर्थ सांगितले आहेत. एक, शाळेचें वय उलटलेल्यांस पूर्ण वेळ किंवा थोडा वेळ शिक्षण. आणि दुसरा, त्यांच्या फावल्या वेळासाठीं संघटित सांस्कृतिक व मनोरंजनाचे उपक्रम. दोन्ही पुरविणें हें स्थानिक शिक्षणखात्याचें कर्तव्य. म्हणजे खेळ, संगीत, नाटक ह्या गोष्टी शिक्षणावर वरून शिंपडलेली कोथिंबीर नसून शिक्षणाच्या व्याख्येंतच त्यांस स्थान होतें. ह्याच कायद्यांत अठरा वर्षांपर्यंतच्या कामकरी मुलांसाठीं 'काउंटी कॉलेजें' काढण्याचें वचन होतें. तीं कॉलेजें कधींच निघालीं नाहींत. लढाईनंतर पैसा नव्हता हें कारण खरें. परंतु पैसा आल्यावरही तें वचन कोणास आठवलें नाहीं, हेंही तितकेंच खरें.

इंग्लंडच्या कॉलेजांत आणि विश्वविद्यालयांत बुधवारची दुपार खेळांसाठीं मोकळी ठेवण्याची जुनी चाल आहे. कॉलेजाकॉलेजांतील सामने बहुधा त्याच दिवशीं होतात. वरवर पाहतां ही व्यवस्था निर्दोष वाटते : वेळ मोकळा आहे, मैदान आहे, ज्यास यावयाचें असेल त्यानें यावें. परंतु वेळ मोकळा असणें आणि तो वेळ विद्यार्थ्याच्या मालकीचा असणें ह्यांत अंतर आहे. तें अंतर गेल्या तीस वर्षांत कसें वाढत गेलें, हें आतां वहींत पाहूं.

१९९२ च्या कायद्यान्वयें १ एप्रिल १९९३ रोजीं हीं कॉलेजें स्थानिक लोकनियुक्त मंडळांच्या हातून काढून स्वतंत्र करण्यांत आलीं. प्रत्येक कॉलेज जणूं एक वेगळी पेढी झालें. त्याच कायद्यानें सरकारी पैसा मिळण्यास पात्र असे अभ्यासक्रम आणि केवळ आवडीसाठीं शिकण्याचे अभ्यासक्रम अशी रेघ ओढली. १९४४ सालीं ज्या दोन गोष्टी एका वाक्यांत नांदत होत्या, त्यांची येथें वांटणी झाली. आणि वांटणींत धाकट्या भावास काय मिळतें, हें आमच्याकडील कुटुंबांत राहिलेल्यांस सांगावयास नको. प्राचार्यांस दर तासाचा हिशेब द्यावा लागूं लागला. आपल्या पायांवर उभें राहण्याचा प्रयत्न करतां करतां अनेक कॉलेजें एकमेकांत विलीन झालीं. १९९३ मध्यें जीं चारशेंहून अधिक होतीं, त्यांची संख्या आज निम्म्याच्या आसपास आली आहे. संस्था मोठ्या झाल्या, आणि विद्यार्थ्याचें घर दूर झालें.

तरीही एक आधार शिल्लक होता. प्रत्येक पूर्ण वेळ विद्यार्थ्यामागें वर्षास ११४ तासांचे पैसे सरकार निराळे देई. ह्या तासांत शिक्षकानें विद्यार्थ्याशीं एकट्यानें बोलून त्याची विचारपूस करणें, पुढील मार्गाविषयीं सल्ला, खेळ, संगीत, नाटक, सेवाकार्य असें सर्व कांहीं येई. २०११ सालीं सरकारी खर्चाला कात्री लागली, तेव्हां हे ११४ तास एकदम ३० वर आणिले. वर्षाचे तीस तास! छत्तीस आठवड्यांचें वर्ष धरिलें तर आठवड्यास एक तासही पुरा पडत नाहीं. व्याकरणाचा किंवा यंत्रशास्त्राचा तास कमी केला असता तर ओरड झाली असती. हा तास गेला तेव्हां तो कोणाचा गेला हें कळावयासच वेळ लागला. ज्या मुलांचे आईबाप खासगी क्लबांची वर्गणी भरूं शकतात, त्यांचा खेळ थांबला नाहीं. थांबला तो दुसऱ्यांचा.

आणि त्याच सुमारास दुसरा घाव बसला. २००४ पासून गरीब घरच्या मुलांस शिक्षणांत टिकून राहावें म्हणून आठवड्यास १०, २० किंवा ३० पौंड असा भत्ता मिळत असे. कोणी त्यांतून बसचें भाडें भागवी, कोणी वह्या घेई, कोणी घरीं देई. इंग्लंडांत हा भत्ता २०११ मध्यें बंद झाला; स्कॉटलंड, वेल्स व उत्तर आयर्लंड ह्यांनीं मात्र तो चालू ठेवला. सुमारें ५६ कोटी पौंडांच्या जागीं सुमारें १८ कोटींचा एक निधि ठेवण्यांत आला, आणि त्यांतून कोणास किती द्यावयाचें तें बहुतांशीं कॉलेजांनीं ठरवावें असें झालें.

पुढें बाई ॲलिसन वुल्फ ह्यांच्या २०११ च्या अहवालानंतर पैसे परीक्षांच्या संख्येवर न देतां विद्यार्थ्यामागें द्यावे असें ठरलें. ही सुधारणा आम्हांस तत्त्वतः मान्य आहे. पूर्वींच्या पद्धतींत विद्यार्थ्यांस किरकोळ प्रमाणपत्रांच्या माळा घालून कॉलेजें पैसे जमवीत, तो प्रकार थांबावयासच हवा होता. परंतु २०१३ पासून पूर्ण वेळ शिक्षणाचे तास ५४० धरले गेले, म्हणजे छत्तीस आठवड्यांस आठवड्याचे पंधरा. आणि विद्यार्थ्यामागें ४,००० पौंड हा जो मूळ दर ठरला, तो २०२० पर्यंत तसाच गोठून राहिला. सात वर्षें भाव तोच आणि खर्च दरवर्षीं वाढता, अशा दुकानाचें काय होतें हें वाचकच जाणतात. त्यांतही अठरा वर्षांच्या विद्यार्थ्यांसाठीं २०१४ पासून हा दर ३,३०० वर उतरविला. अठराव्या वर्षीं अजून कॉलेजांत कोण असतो? ज्याची परीक्षा एकदां हुकली, ज्याची वाट मध्येंच बदलली, जो आजारी पडला, जो उशीरां आला तो. ज्यास सर्वांत अधिक आधाराची गरज, त्याच्याच नांवावर सर्वांत कमी रक्कम! ह्या न्यायाचें समर्थन आम्हांस तरी सुचत नाहीं. शिवाय २०१४ पासून ज्यांस इंग्रजी व गणित ह्या विषयांत ठराविक श्रेणी मिळाली नाहीं, त्यांनीं ते विषय पुन्हां शिकलेच पाहिजेत असा नियम झाला. नियमाचा हेतु वाईट नाहीं; पण त्याचे तास त्याच पंधरांतून निघतात. २०२२ मध्यें ४० तास वाढवून ५८० केले, हें खरें. मात्र त्या वाढीव तासांवर पहिला हक्क मागें राहिलेल्या अभ्यासाचा.

आतां हे आंकडे एका विद्यार्थिनीच्या आठवड्यांत बसवून पाहूं. कोणा एकीची ही हकीकत नव्हे; अशा अनेकींची मिळून होणारी आहे. सतरा वर्षांची मुलगी, शुश्रूषेचा अभ्यासक्रम घेतलेली, कॉलेजापासून दहा-बारा मैलांवरील लहान गांवांत राहणारी. पंधरा तास तीन दिवसांत कोंबलेले असतात. कॉलेजास इमारत कमी दिवस वापरावी लागते, आणि मुलांस उरलेल्या दिवसांत नोकरी करतां येते. ती एका किराणा भांडारांत काम करते. समजा बुधवार हा तिच्या कॉलेजाचा दिवसच नव्हे. बुधवारीं दुपारीं नेटबॉल खेळावयास यावयाचें तर काय पडेल? २०२५ सालीं अठरा वर्षांखालील कामगाराचें किमान वेतन ताशीं ७ पौंड ५५ पेन्स होतें. दोन तासांचा खेळ, जाण्यायेण्याचा एक तास, मिळून तीन तासांची मजुरी बुडाली : बावीस पौंडांहून अधिक. त्याच वर्षीं लंडनबाहेर बहुतेक बसमार्गांवर एका फेरीचें कमाल भाडें ३ पौंड होतें. पास नसेल तर येऊन-जाऊन सहा. म्हणजे एका दुपारच्या 'फुकट' खेळास अठ्ठावीस पौंडांच्या वर रक्कम पडली. ही मुलगी आली नाहीं तर तिला निरुत्साही म्हणावयाचें? कोणताही शहाणा दुकानदार ह्या भावानें माल घेणार नाहीं.

बसचा प्रश्न क्षुल्लक वाटेल, पण आम्हांस तो मध्यवर्ती वाटतो. इंग्लंडांत सोळा वर्षांपर्यंत, घर ठराविक अंतरापलीकडे असेल तर, शाळेंत नेण्या-आणण्याची फुकट सोय करणें हें स्थानिक मंडळाचें कायदेशीर कर्तव्य आहे. सोळा उलटतांच तें कर्तव्य संपतें. त्यापुढें आपलें धोरण काय आहे एवढें मंडळानें छापून प्रसिद्ध केलें म्हणजे झालें. अठरापर्यंत शिक्षणांत राहण्याची सक्ती मुलावर, आणि त्यास तेथें पोंचविण्याची सक्ती मात्र कोणावरच नाहीं! लंडन शहरांत सोळा-सतरा वर्षांच्या मुलांस बस फुकट आहे. म्हणून राजधानींतील अधिकाऱ्यांस ह्या अडचणीची धग लागत नसावी. खेड्यांतील मुलाची शेवटची बस साडेचारला सुटत असेल, तर साडेतीनला सुरू होणारी नाटकाची तालीम त्याच्यापुरती रद्दच समजावी. सूचनाफलकावर ती 'सर्वांसाठीं खुली' अशी लिहिलेली असते.

मुलींच्या बाबतींत आणखी कांहीं अडचणी आहेत, त्या थोडक्यांत सांगतों. किशोरवयांत मुली मुलांपेक्षां अधिक संख्येनें खेळ सोडतात हें तेथेंही सर्वमान्य आहे. कपडे बदलण्याची नीट आडोशाची जागा नसणें, व्यायामशाळेंत सदोदित मुलांचाच वावर असणें, धाकट्या भावंडांस किंवा आजारी आईस सांभाळण्याचें काम घरीं असणें, ह्या कारणांपुढें 'आवड नाहीं' हें कारण फारच पोकळ आहे. अपंग व मंदगति विद्यार्थ्यांचेंही तसेंच. २०१४ च्या कायद्यानें अशा तरुणांस पंचवीस वर्षांपर्यंत साहाय्य मिळण्याची तरतूद केली आहे, आणि त्यांतील पुष्कळजण ह्याच कॉलेजांत असतात. परंतु त्यांच्याबरोबर खेळणारा मदतनीस वर्गाच्या वेळापुरताच नेमलेला असेल, तर घंटा झाली कीं त्यांचा दिवस संपला.

सरकारनें व इतर मंडळांनीं कांहींच केलें नाहीं असें म्हणणें अन्यायाचें होईल. १९५६ मध्यें सुरू झालेली ड्यूक ऑफ एडिंबरो ह्यांची पारितोषिकयोजना चौदा ते चोवीस वर्षांच्या तरुणांस सेवा, व्यायाम, एखादें कौशल्य आणि पायीं सफर असा चौफेर कार्यक्रम देते, आणि तींत कोणाशीं स्पर्धा नाहीं हा तिचा मोठा गुण आहे. कॉलेजांच्या संघाची क्रीडाशाखा देशभरचे सामने भरविते. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकनंतर राष्ट्रीय क्रीडामंडळानें कॉलेजांत खेळांचे संघटक नेमण्यास पैसा दिला. त्यांचें काम अव्वल खेळाडू शोधण्याचें नव्हतें, न खेळणाऱ्यांस बाहेर काढण्याचें होतें. ही नेमणूक आम्हांस सर्वांत शहाणपणाची वाटते. चषक जिंकणारे अकराजण संघटक नसला तरी खेळतीलच. जो मुलगा शाळेंत असतां संघ निवडतांना नेहमीं शेवटीं उरला, त्याला मैदानाची भीति बसलेली असते; त्याला गांठून, "तुला काय करावयास आवडेल?" असें विचारणारें माणूस लागतें. उत्तर कदाचित् टेबल-टेनिस येईल, कदाचित् नाच, कदाचित् नुसतें दोन मैल चालणें. तें चालेल.

ह्याच्या उलट उदाहरण 'नॅशनल सिटिझन सर्व्हिस'चें. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांस कांहीं आठवडे एकत्र आणून सफर व समाजसेवा घडविणारी ही योजना २०११ मध्यें मोठ्या गाजावाजानें निघाली. भत्ता आणि तास ज्या वर्षीं कापले, त्याच वर्षीं ती निघाली हें ध्यानांत ठेवावें. तिनें कित्येक मुलांचें भलें केलें असेल. परंतु ती सुट्टींतील पाहुणी होती, घरची माणूस नव्हती. मार्च २०२५ मध्यें तीही बंद करण्यांत आली. आठवड्यास दोन तास वर्षभर मिळणें आणि वर्षांत एकदां मेजवानी मिळणें, ह्यांत पहिल्यानेंच मनुष्य पोसतो.

येथें एक रोखठोक आक्षेप घेतला जाईल, आणि तो आमच्या वाचकांपैकींच कोणी घेईल : "करदात्यांच्या पैशानें गवंड्याच्या मुलास गाणें कशाला शिकवावयाचें? त्यास भिंत सरळ बांधतां आली म्हणजे पुरे." ह्यावर नेहमींचें उत्तर असें कीं, संघांत खेळलेला, चारचौघांत उभा राहून बोललेला मुलगा नोकरींत अधिक उपयोगी पडतो, धनी लोकच तशी माणसें मागतात. हें उत्तर खोटें नाहीं. परंतु आम्हांस त्यावर सर्व भार टाकावयाचा नाहीं. श्रीमंताच्या मुलास पोहावयास, सतार वाजवावयास पाठवितांना त्याचा बाप कधीं विचारतो काय, कीं ह्यानें पेढीचा नफा किती वाढेल? मग गवंड्याच्या मुलाकडूनच ही पावती आधीं कां मागावी? २०१९ मध्यें तेथील सामाजिक उन्नतीच्या आयोगानें दहा ते पंधरा वर्षांच्या मुलांविषयीं अहवाल काढला; त्यांत घरचें उत्पन्न आणि वर्गाबाहेरील उपक्रमांतील सहभाग ह्यांचा उघड संबंध दिसून आला, संगीतांत तर विशेषच. सोळाव्या वर्षीं कॉलेजाच्या दारांत पाऊल टाकणारीं मुलें हा फरक गांठीशीं बांधूनच येतात.

आणखी एक सावधगिरीची सूचना. २०१९ पासून तेथील शिक्षणनिरीक्षक कॉलेजें तपासतांना विद्यार्थ्यांच्या व्यक्तिगत विकासाचाही विचार करतात. हें योग्यच झालें. परंतु तपासणी आली कीं नोंदवही सजते. सप्टेंबरांतील स्वागत-सप्ताहांत एकदां दोरीउड्या मारलेली मुलगी 'सहभागी' म्हणून लिहिली जाते, आणि पुढें जूनपर्यंत तिचें तोंड कोणी पाहिलेलें नसतें. अशा हजेरीचा आंकडा जितका मोठा तितका फसवा. खरी चौकशी करावयाची तर जे आले त्यांची यादी बाजूस ठेवून जे एकदांही आले नाहींत त्यांस विचारावें : तुझा वर्ग कोणत्या दिवशीं असतो, बस केव्हां सुटते, आणि कामावर कधीं जातोस?

हीच प्रश्नावली पुण्यामुंबईच्या अकरावी-बारावीच्या मुलांस कोणी विचारील तर उत्तरें निराळीं येतील, पण फार निराळीं नव्हेत. येथें मजुरीच्या जागीं शिकवणीचे वर्ग आहेत. कॉलेजांत नांव, शिकवणींत शरीर, आणि परीक्षेंत जीव, अशी आमच्या मुलांची तीन ठिकाणीं वांटणी झालेली. जिमखान्याचें शुल्क पावतीवर भरलेलें आणि जिमखान्याचें कुलूप पाहिलेलेंही नाहीं. इंग्लंडांतील मुलास दारिद्र्य खेळूं देत नाहीं, आमच्या मध्यम स्थितींतील मुलास महत्त्वाकांक्षा. आणि आमच्या गरीब मुलास दोन्ही. तो विषय स्वतंत्र लेखाचा आहे.

इंग्लंडपुरतें बोलावयाचें तर उपाय गूढ नाहींत. कापलेले तास परत द्यावे, आणि ते शाळा सुटल्यावर नव्हे तर वेळापत्रकाच्या पोटांत, विद्यार्थी आधींच कॉलेजांत असेल त्या दिवशीं ठेवावे. अठरापर्यंत शिक्षणाची सक्ती आहे तोंवर अठरापर्यंत बसची जबाबदारीही कायद्यानें कोणाच्या तरी शिरावर ठेवावी. तिसरी गोष्ट कराची. शाळेनें आपल्या मुलांसाठीं बॅडमिंटनच्या रॅकेटी घेतल्या किंवा व्यायामशाळा दुरुस्त केली, तर तिनें भरलेला मूल्यवर्धित कर, म्हणजे शेंकडा २०, तिला सरकारकडून परत मिळतो. फर्दर एज्युकेशन कॉलेजास तो मिळत नाहीं. सिक्स्थ फॉर्म कॉलेजांस ह्या जाचांतून सुटण्यासाठीं 'अकॅडमी' होण्याची मुभा २०१५ मध्यें मिळाली, आणि कित्येकांनीं ती घेतली. फर्दर एज्युकेशन कॉलेजांस तीही वाट नाहीं. नोव्हेंबर २०२२ मध्यें सरकारी सांख्यिकी खात्यानें हीं कॉलेजें सार्वजनिक क्षेत्रांत मोडतात असा निर्णय दिला, तेव्हां आतां तरी कर परत मिळेल अशी त्यांस आशा वाटली होती. निर्णयानें कॉलेजांच्या कर्ज काढण्यावर सरकारी बंधनें आलीं. कर मात्र पूर्वींप्रमाणेंच भरावा लागला. एकाच दुकानांतून, एकाच दिवशीं, त्याच रॅकेटी शाळा आणि कॉलेज दोघेही घेतात. आणि ज्या कॉलेजांत गवंड्याचा मुलगा शिकतो, त्याला त्या महाग पडतात.